आजी नसलेलं पिल्लू, आजी असलेलं पिल्लू



दुसरी ते चौथीच्या वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येकाला एक ठरावीक गोष्ट माहीत असते. एक छोटं पिल्लू असतं. ते स्वतःवर नाराज असतं, 'मी असा का, मला हे का येत नाही' म्हणून रडत बसतं. मग त्याची आजी किंवा आजोबा येतात, दोन शब्द सांगतात, पिल्लाला आपलं मोल कळतं आणि ते एकटं जगात निघतं. ससा, कासव, खार, चिमणी, पात्रं बदलतात, गोष्ट तीच. मुलांनाही ती आवडते. गोष्ट वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण आपण सिंधुदुर्गात राहतो. आपल्याच जिल्ह्यात खरीखुरी दोन पिल्लं अशी आहेत की त्यांच्याकडे नीट पाहिलं तर ही गोष्ट शिकवण्याची पद्धतच बदलावी लागते. एक किनाऱ्यावरचं, एक डोंगराकडचं. एकाला आजी मुळीच नाही, आणि दुसऱ्याचं आजीशिवाय अडतं.

हा पाठ मी परिसर अभ्यास आणि मराठी मिळून घेते. साधारण चार तासिका लागतात. तुमच्या शाळेत समुद्र दिसत नसला तरी चालेल.

पहिलं पिल्लू अर्थातच कासवाचं. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री आपल्या किनाऱ्यावर येतात. वेंगुर्ल्यातलं वायंगणी, देवगडातलं तांबळडेग ही नावं आता पर्यटकांनाही माहीत झाली आहेत. मादी मागच्या वल्ह्यांनी वाळूत हातभर खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू ओढून घेते, वर अंग आपटून ती दाबते आणि समुद्रात परत जाते. ती मागे वळून येत नाही. तिची आणि पिल्लांची भेट कधीच होत नाही. आजीचा तर प्रश्नच नाही.

पुढे ४५ ते ६० दिवस फक्त वाळूची ऊब. वाळू जास्त गरम असेल तर माद्या जास्त, थोडी थंड असेल तर नर जास्त, हे ऐकल्यावर मुलं हमखास हसतात. मग आतल्या आत पिल्लू नाकावरच्या छोट्या टोकानं कवच फोडतं. बाहेर पडायची घाई नसते. पोटाशी राहिलेला बलक अंगात जिरवत, भावंडांबरोबर वाळू खाली पाडत पाडत ती सगळी मिळून वर सरकतात. वरची वाळू थंड लागली की रात्र झाली असं समजून बाहेर येतात. त्यांची पाठ असते फक्त चारेक सेंटीमीटर. मुलांना पाटीवर पट्टीनं तेवढी रेघ मारायला सांगा आणि मग मैदानावर नेऊन विचारा, 'एवढ्याशा जिवाला इथून त्या वडापर्यंत जायला किती वेळ लागेल?' हा प्रश्न फळ्यावर विचारण्यापेक्षा मैदानावरच विचारावा.

पिल्लाला वाट कोण दाखवतं? हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या. माझ्या वर्गात तो असा आला: "बाई, तेंका आजी नसता? मगे तेंका रस्तो कोण दाखयता?" उत्तर असं की उजेड दाखवतो. रात्री जमिनीकडच्या झाडीपेक्षा समुद्रावरचं क्षितिज उजळ असतं, पिल्लू तिकडे निघतं. पाण्यात शिरलं की लाटांच्या दिशेला तोंड करून पोहतं, आणि पुढे खोल पाण्यात पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अंदाज घेत जातं. जवळजवळ पहिला दिवसभर ते थांबतच नाही. हे सगळं अंगात घेऊनच ते जन्मतं. (किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे आणि घरांचे दिवे त्याला उलट्या बाजूला ओढतात, हेही याच ठिकाणी सांगून टाकावं. तारकर्ली-देवबागच्या मुलांच्या घरी निवास-न्याहारीचा धंदा असतो, ती घरी जाऊन दिव्याचं बटण शोधतात. शंभर भित्तिपत्रकांचं काम होतं.)

आपल्या कोकणात कासवांची ही जाग २००२ पासून आली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं गावकऱ्यांना घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पुढे वनविभाग आणि गावोगावचे कासवमित्र त्यात आले. हे लोक पहाटे किनारा फिरतात, अंडी कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचवण्यासाठी कुंपणाच्या आत तशाच खोल खड्ड्यात ठेवतात, आणि पिल्लं बाहेर आली की समुद्राकडे सोडतात. सोडताना ते पिल्लाला उचलून पाण्यात ठेवत नाहीत. पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवतात आणि बाजूला उभे राहतात. पिल्लू उलटं पडतं, लाट त्याला मागे फेकते, पुन्हा निघतं. बघणाऱ्यांचा जीव वरखाली होतो, पण हात कोणी लावत नाही. मादी मोठी झाल्यावर आपल्या जन्माच्या किनाऱ्याच्या आसपास परत येते, त्यासाठीची ओळख या पहिल्या प्रवासात होते असं अभ्यासक मानतात. २०२३ मध्ये गुहागरला उपग्रहाचं यंत्र लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. नकाशा लावून तिचा रस्ता बोटानं दाखवायला लावा. भूगोलाचा एक तास तिथेच वाचतो.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता पालकांसाठी थोडं कडू.

पिल्लं सोडण्याचा कार्यक्रम बघून परतताना किनाऱ्यावर एक वाक्य नेहमी कानावर पडतं: 'बघ, एवढंसं पिल्लू आईशिवाय चालतं, नि तुला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही!' मूल खाली मान घालून चालत राहतं. मला हे वाक्य चुकीचं वाटतं, आणि ते का चुकीचं आहे हे गणितानं दाखवता येतं. त्यासाठी आमच्या वर्गात चिंचोक्यांचा खेळ असतो. नऊ मुलं नऊ घरटी होतात. प्रत्येकाकडे एकशेदहा चिंचोके, म्हणजे सगळे मिळून जवळजवळ हजार. मग मी खेकडा होऊन थोडे उचलते, कुणी कावळा होतो, कुणी समुद्रातला मोठा मासा, कुणी टाकून दिलेलं जाळं. हजारातून मोठं होईपर्यंत साधारण एक उरतं, असा अंदाज सांगितला जातो. शेवटी एका मुलाच्या तळहातावर एकच चिंचोका राहतो. त्या वेळी वर्गात जी शांतता होते ती मी दुसऱ्या कुठल्याच पाठात अनुभवलेली नाही.

कासवाचं पिल्लू स्वावलंबी आहे कारण त्याला पर्यायच नाही. त्याची किंमत बाकीची नऊशे नव्याण्णव भरतात. तुमच्या घरात एक किंवा दोन मुलं आहेत. हे गणित त्यांना लावू नका.

आता दुसरं पिल्लू. ते हत्तीचं.

मालवणच्या मुलांना वाटतं हत्ती म्हणजे सर्कस किंवा देऊळ. पण २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती दोडामार्ग तालुक्यात उतरले आणि तिळारीच्या खोऱ्यात त्यांचा वावर सुरू झाला. किनाऱ्यापासून मोटारीनं दोन-तीन तासांच्या आत. त्यांच्यामुळे माडांचं, केळीचं, सुपारीचं नुकसान झालं, माणसांचे जीवही गेले. दोडामार्गातल्या शिक्षकांच्या वर्गात हा पाठ वेगळाच वाटणार, कारण तिथल्या मुलांच्या घराची बाग मोडलेली असू शकते. त्यांनी हत्तीला 'गणपतीबाप्पा' म्हणून सुरुवात करू नये. आधी मुलांना काय झालं ते बोलू द्यावं.

हत्तीण २२ महिने पिल्लू पोटात वाढवते. जन्मतःच ते सुमारे १०० किलोचं असतं, म्हणजे तांदळाची पन्नास किलोची दोन पोती. उंची साधारण नव्वद सेंटीमीटर. भिंतीवर खडूनं खूण करा, पहिलीतली मुलं शेजारी उभी राहून पाहतील. एवढा मोठा जीव, आणि त्याला काय येतं? उभं राहता येतं, दूध पिता येतं. सोंड मात्र चालवता येत नाही. ती लोंबकळते, इकडे-तिकडे झोके घेते, कधी पायाखाली येते. सुरुवातीला ते पाणीही सोंडेनं न पिता वाकून तोंडानं पितं. सोंडेनं गवताची पेंडी धरणं, झाडून माती काढणं, तोंडात घालणं हे जमायला कित्येक महिने जातात. हत्तीची ओळख ज्या अवयवावरून, तोच अवयव त्याला सुरुवातीला वापरता येत नाही!

'मला हे का येत नाही' असं म्हणणाऱ्या मुलासाठी याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पण सांगताना काळजी घ्या. हत्तीच्या पिल्लाला लाज वाटते, त्यानं स्वतःला स्वीकारलं, असं सांगू नका. त्याला काय वाटतं हे आपल्याला दिसत नाही. दिसतं ते असं की कळपातल्या मोठ्या माद्या त्याच्या चालीनं चालतात, ते चिखलात अडकलं की ढकलतात, आणि ते मोठ्यांच्या तोंडात सोंड घालून काय खाताहेत ते चाचपून बघतं तेव्हा त्या घालू देतात. गोष्टीत प्राणी बोलतात, परिसर अभ्यासात बोलत नाहीत, हा फरक तिसरीच्या मुलांना अगदी व्यवस्थित कळतो.

या कळपाची पुढारी असते ती बहुतेक वेळा सर्वांत वयस्क मादी, म्हणजे आजीच. तिचं काम काय, याचे चांगले अभ्यास झाले आहेत. म्यानमारमध्ये लाकूड ओढणाऱ्या हत्तींच्या पिढ्यान्पिढ्यांच्या नोंदी आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की वीस वर्षांखालच्या तरुण आयांच्या पिल्लांना आजी जवळ असेल तर मृत्यूचा धोका आठपट कमी होता. टांझानियातल्या तारांगिरे उद्यानात १९९३ साली मोठा दुष्काळ पडला. ज्या कळपांत जास्त वयाच्या माद्या होत्या ते कळप उद्यान सोडून बाहेर पडले आणि त्यांची पिल्लं जास्त वाचली. अभ्यासकांचं म्हणणं, त्या माद्यांनी लहानपणी १९५८ ते १९६१ चा दुष्काळ पाहिलेला असावा. म्हणजे आजीनं काही भाषण दिलं नव्हतं. ती चालू लागली, बाकीचे मागून गेले.

आणि आजोबा? नर पिल्लू दहा-पंधरा वर्षांचं होईपर्यंत कळपात असतं, मग हळूहळू कडेकडेला राहू लागतं आणि एक दिवस वेगळं होतं. पण ते एकटं सुटत नाही, मोठ्या नरांच्या आसपास राहून बरंच शिकतं. हे जिथे तुटलं तिथे काय झालं त्याचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्गचं आहे. दुसऱ्या उद्यानातून अनाथ लहान हत्ती आणून तिथे सोडले होते. मोठं कुणी बरोबर नाही. ते वयात आल्यावर १९९२ ते १९९७ या काळात त्यांनी चाळीसहून जास्त पांढरे गेंडे मारले. त्यांना मद फार लवकर येत होता आणि लांबत होता. १९९८ मध्ये तिथे सहा प्रौढ नर आणून सोडले. तरुणांचा मद आटोक्यात आला, गेंडे मारणं थांबलं. ही गोष्ट मी मुलांना थोडक्यात सांगते, पण पालक सभेत पूर्ण सांगते. खास करून बाबा आणि आजोबा मंडळी हजर असतील त्या सभेत.

आपल्याकडचा ओंकार आठवत असेल. तिळारीच्या कळपापासून वेगळा झालेला, दहा-बारा वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा तरुण नर. सप्टेंबर २०२५ मध्ये तो गोव्यात पेडण्याच्या बाजूला गेला, मग परत बांदा परिसरात. त्याला पकडावं की राहू द्यावं यावरून आपल्या घराघरांत दोन मतं होती. त्या वादात मी वर्गाला ओढत नाही. एवढंच विचारते, 'या वयाच्या हत्तीनं कळपातून बाहेर पडणं हे चूक की नेहमीचं?' आणि दुसरा प्रश्न, 'बाहेर पडल्यावर त्याला मोठे नर भेटायला हवेत, ते इथे आहेत का?' आपल्या जिल्ह्यात हत्तीच हातावर मोजण्याइतके. चौथीची मुलं यावर चांगला अर्धा तास बोलतात.

आता हा पाठ इथल्याच मुलांना का हवा, ते सांगते.

आपल्या गावांतून माणसं मुंबईला जातात हे नवीन नाही. पूर्वी मनीऑर्डर यायची, आता मोबाईलवर पैसे येतात. आई-बाप मुंबईत, गोव्यात, कुणी आखातात. पोर गावात आजीजवळ. प्रत्येक वर्गात अशी दोन-चार मुलं असतात. त्यांच्या आज्या जिवापाड करतात. इतकं करतात की दप्तर आजी भरते, भात आजी कालवते, आणि बाईंनी प्रश्न विचारला तर दारात उभी असलेली आजीच उत्तर देते. त्यामागे भीती असते. लेकाचं पोर आपल्या जबाबदारीवर, त्याला काही झालं तर? त्या भीतीला हसू नये. पण पोराला 'तू अजून ल्हान असस' हे इतक्या वेळा ऐकू येतं की आपल्याला काही जमणार नाही अशी त्याची खात्री होऊन बसते. आणि शाळेत आपण त्याच्या हातात कासवाची गोष्ट देतो: एकटा चाल! एकीकडे कडेवर, दुसरीकडे थेट समुद्रात.

हत्तीची आजी या दोन्हींच्या मधे असते. बाजूला चालते, वाट माहीत असते, सोंड मात्र ज्याची त्यानेच हलवायची.

आपल्या गावांत ही पद्धत होतीच. रापण ओढताना पाहा. दोराला म्हातारेही असतात आणि चड्डीतली पोरंही. पोराच्या ओढण्यानं जाळं येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी त्याला कुणी 'बाजूला हो' म्हणत नाही. पाय वाळूत कसा रोवायचा, केव्हा सोडायचं हे कुणी शिकवत नाही, ते पुढच्याच्या टाचेकडे बघून येतं. म्हणून या पाठाच्या तिसऱ्या तासिकेला मी आजी-आजोबांना शाळेत बोलावते, पण बोलायला नाही. काहीतरी करायला. कुणी माडाच्या चुडताचा झाप विणतं, कुणी हिर काढून झाडू बांधतं, कुणी जाळ्याचं फाटलेलं भोक सांधतं. अट एकच, मुलाच्या हातातलं काम आजीनं काढून घ्यायचं नाही. वाकडं झालं तरी. ही अट पाळणं आज्यांना फार जड जातं, हात आपोआप पुढे येतात. एकदा एका आजीनं शेवटी स्वतःच्या हातांवर बसून घेतलं. पोरगा घामाघूम झाला, झाप तिरका झाला, आणि तो उचलून म्हणाला, "माका जमलो." तो झाप आमच्या शाळेच्या सरपणाच्या खोपीवर चढवला. पावसाचं पाणी आत आलंच, पण खोपीत आधीही यायचं.

घरी करायचा अभ्यास एकच प्रश्नाचा ठेवा: 'आजये, तू माझ्याएवढी असताना पहिल्यांदा एकटी काय केलंस, आणि तेव्हा तुझ्याबरोबर कोण होतं?' प्रश्नाचा दुसरा भाग विसरू नका, खरी माहिती तिथेच मिळते. एका मुलीनं लिहून आणलं की तिची आजी सात वर्षांची असताना बाजारात सुकी मासळी विकायला बसली, आणि तिची आजी चार हात लांब दुसरी पाटी घेऊन बसली होती, पण बघत नसल्यासारखी. उत्तरं मालवणीत आली तर तशीच लिहू द्या. प्रमाण मराठीत बदलायला लावलं की अर्धी मुलं दोन ओळींवर थांबतात.

मूल्यमापनाला मी लेखी प्रश्न घेत नाही. नोंदवहीत फक्त दोन रकाने असतात: मुलानं या आठवड्यात स्वतः सुरू केलेलं एक काम, आणि त्याला अजून न येणारी पण सांगायला लाज न वाटलेली एक गोष्ट. दुसरा रकाना भरायला वेळ लागतो. शिक्षकानं आपली नोंद आधी लिहावी. माझ्या नावापुढे 'पोहता येत नाही' असं आहे. मालवणात राहून! मुलांनी त्यावर भरपूर मजा केली आणि मग भराभर आपापलं लिहिलं.

ज्यांना घरी मुलांबरोबर सिनेमा बघायचा असेल त्यांच्यासाठी: सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' हा २०१६ चा मराठी चित्रपट, ज्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं, तो मोठ्यांनी बघावा. त्यात नैराश्यातून जाणारा तरुण आहे, त्यामुळे लहान मुलांना तो दाखवू नये. किशोरवयीन मुलं घरात असतील तर बरोबर बसून बघा, आणि संपल्यावर लगेच प्रश्न विचारू नका.

पाठाची वेळ फेब्रुवारी-मार्चमध्ये धरा, तेव्हा पिल्लं बाहेर येण्याची शक्यता जास्त. किनाऱ्यावर न्यायचं असेल तर आधी वनविभागाच्या जवळच्या कार्यालयाशी आणि गावच्या कासवमित्रांशी बोला. पिल्लं आपल्या वेळापत्रकानं येत नाहीत, त्यामुळे रिकाम्या हातानं परतावं लागेल हे मुलांना निघण्याआधीच सांगून ठेवा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये कासव आहे, म्हणून पिल्लाला हात लावून फोटो काढणं नको, मोबाईलचा फ्लॅश तर मुळीच नको. मुलांना दोरीच्या मागे दोन रांगांत उभं करा आणि आज्या आल्या असतील तर त्यांना पुढे बसायला खुर्च्या ठेवा. वाळूत फार वेळ उभं राहवत नाही त्यांना.